डाव्या हातासाठी

त्रिपोली, ४ फेब्रुवारी २०१९

शुक्री,

खोकं पोचलं. माल्ट्याहून बोटीनं जुने टायर आणणाऱ्या खैरीनं ते टायरांच्या ढिगाखाली दडपून आणलं आणि दारात टाकत म्हणाला, "मिफ्ताह, तुझ्या भावानं पाठवलंय. मला शिव्या देऊ नकोस, मी फक्त हमाल."

उघडलं आईनं. वर कागदात गुंडाळलेलं लाकूड दिसलं तशी तिला वाटलं पाळणा आहे. म्हणजे तुझं लग्न झालं, मूल झालं आणि तू तिला कळवलंसुद्धा नाहीस. ती तिथंच बसून रडायला लागली. मी खालचे कागद फाडले तेव्हा मान निघाली, चार खुंट्या निघाल्या, वायरी, तारांचं वेटोळं आणि एका पिशवीत स्क्रू. मी म्हटलं, "पाळणा नाही गं. बास गिटार आहे. सुट्या भागांची. घरी जोडायची." ती म्हणाली, "मग वाईट काय, जोड की." डोळे पुसून ती चुलीवरचा माकरोना ढवळायला गेली.

तीन वर्षं तू एक ओळ लिहिली नाहीस. खोक्यातही चिठ्ठी नव्हती, मी सगळे कागद उलटून बघितले. चित्रांचं पत्रक तेवढं होतं, कुठला स्क्रू कुठं जातो ते दाखवणारं. तुमच्या बंदूकवाल्या तुकडीनं माझी बास फोडली तेव्हा ती अखंड होती, शुक्री. तिच्या बदल्यात तू मला तुकडे पाठवतोस आणि जोडायचं कामही माझ्याचकडे ठेवतोस.

आई शेजारी बसली आहे. तिला वाटतंय मी आभार लिहितो आहे. तिला वाचता येत नाही हे बरं. फोन करू नकोस. तुझा आवाज कानावर पडला तर हातातलं काहीतरी फुटेल, आणि या घरात फुटण्यासारखं आता फार उरलेलं नाही. कागदावर मात्र तुला सगळं ऐकून घ्यावं लागेल.

हे लाकूड मी जाळणार आहे. बंब तापवायला होईल.

मिफ्ताह


त्रिपोली, २६ फेब्रुवारी

शुक्री,

जाळलं नाही. आईनं त्या लाकडाचं झाकण केलं होतं, बाझीनसाठी मळलेल्या पिठाच्या परातीवर. मी ते काढायला गेलो तर म्हणते, "राहू दे, बरोबर बसतंय. तू नाहीतरी जाळणारच आहेस." तिचं हे बोलणं तुला आठवत असेल.

पिठानं माखलेलं ते अंग पुसताना माझ्या लक्षात आलं की सगळं उलटं आहे. अंगाची शिंगासारखी टोकं उलट्या बाजूला, मानेवरच्या खुंट्या उलट्या बाजूला. डावखुऱ्याची बास. मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, गाढवाला माल्ट्यातल्या दुकानदारानं टोपी घातली, पडून राहिलेला माल गळ्यात मारला. मग ती मांडीवर घेतली, आणि हसू गेलं.

डाव्या हाताची शेवटची दोन बोटं माझी वळत नाहीत. मधलं अर्धं वळतं. त्या हातानं तारा दाबणं या जन्मी होणार नाही. पण ही उलटी धरली की दाबायचं काम उजव्या हाताला येतं आणि डाव्यानं नुसतं छेडायचं. त्याला दोन बोटं पुरतात, आणि दीड तरी माझ्याकडे आहेत. म्हणजे तू चुकला नव्हतास. दुकानात उभा राहून तू खैरीकडून ऐकलेलं माझं एकेक बोट मनात आणलंस, कुठलं वळतं, कुठलं नाही, आणि मग बोट दाखवून म्हणालास, ती द्या.

मला इतका राग आला की मी मान उचलून अंगाच्या खाचेत मुठीनं ठोकली. ती निम्मी जाऊन अडकली. पुढं जाईना, मागं येईना. खाच घट्ट होती, आधी घासून घ्यायला हवी होती, पत्रकात तसं चित्र होतं. मान मोडेल या भीतीनं मी सबंध दुपार ती मिलीमिलीनं हलवून बाहेर काढली. ज्याला जाळणार होतो ते मोडू नये म्हणून घाम गाळत बसलो होतो. तेव्हा स्वतःलाच म्हटलं, चल, आता नाटक पुरे.

तेव्हापासून दुकान बंद केलं की घासतो. फ्रीज दुरुस्तीची गिऱ्हाइकं विचारतात, "हे काय, उस्ताद, दार बसवतोस का फ्रीजला लाकडाचं?" गुडघ्यांत धरतो, उजव्या हातानं पॉलिशपेपर मारतो. आधी खरबरीत, मग मऊ. लाकडाची छिद्रं लांबी भरून बुजवली, वाळल्यावर परत घासलं. मानेवरच्या पट्ट्यांची टोकं इतकी धारदार होती की हात फिरवला तर रक्त आलं. कानशीनं एकेक टोक बोथट केलं. घासताना मला फार बरं वाटतं. काहीतरी सतत रगडत असल्यासारखं. कुणाला, ते तू समज.

मिफ्ताह


त्रिपोली, २१ मार्च

शुक्री,

आज आपल्या ढोलवाल्या अय्यादचे वडील दुकानात आले होते. फ्रीज बिघडलेला नव्हता, उगाच आले. कोपऱ्यात टांगलेलं बासचं अंग बघितलं. म्हणाले, "परत वाजवणार?" मी म्हटलं, "माहीत नाही, चाचा." ते म्हणाले, "वाजवशील तर ढोल कोण धरेल?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

म्हणून आज त्या दिवसाचं लिहितो. तू म्हणशील, मी तिथं होतोच की. होतास. पण माझ्या डोक्यावर गोणपाट होतं. तुला दिसलं, मला ऐकू आलं. ऐकू आलेलं तुला ठाऊक नाही.

जन्झूरला एका लग्नात वाजवायला निघालो होतो. ऊन रणरणत होतं. अय्याद गाडी चालवत होता आणि नवरदेवाची टिंगल करत होता, की हा मेहुण्यांना इतका घाबरतो की आपल्याला हळू आवाजात वाजवायला सांगेल. नाक्यावर तुमची जीप आडवी होती. मी तुला लांबूनच ओळखलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, खांद्यावर बंदूक मोठी. वर्षभर आधीपर्यंत तू आमचे स्पीकर उचलायचास. मला बरं वाटलं, शुक्री. म्हटलं, आपला शुक्री आहे, लगेच सोडतील.

तुमच्या म्होरक्यानं, सगळे ज्याला बुरकान म्हणायचे त्यानं, मागचा दरवाजा उघडायला लावला. वाद्यं बघून म्हणाला, "गाणंबजावणं. उतरवा." माझी बास त्यानं फुटपाथाच्या कडेवर आपटली, दोन घावांत मान वेगळी झाली. अय्यादला गप्प बसवत नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, ठेका चुकतोय तुमचा. एक-दोन-तीन-चारवर आपटा." तो हसतच होता तेव्हा बुरकाननं त्याच्या पोटात गोळी घातली.

मग माझ्या डोक्यावर गोणपाट आलं. कांद्याचं होतं, अजून मला कांद्याच्या वासानं ओकारी येते. मला गुडघ्यांवर बसवलं. अय्याद शेजारी आईला हाका मारत होता. कुजबुज झाली. मग तुझा आवाज आला. एकच शब्द. "डावा."

कुणीतरी माझं डावं मनगट जीपच्या फळीवर दाबून धरलं आणि टायर उघडायचा पाना खाली आला. पहिल्या घावाला मी ओरडलो. दुसऱ्याचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा जीप गेली होती. अय्याद तिथंच होता, पण हाका मारायचा थांबला होता.

हा शब्द मी आजवर कुणाला सांगितला नाही. आईलासुद्धा नाही. तिला एवढंच माहीत आहे की तू तिथं उभा होतास आणि काही करू शकला नाहीस. तीन वर्षं मी एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. त्या नराधमानं विचारलं असेल, कुठला हात, आणि माझ्या भावानं उत्तर दिलं. गिऱ्हाइकानं भाजी निवडावी तसं.

दुसरी गोष्ट. बुरकान जिवंत आहे. तुमची तुकडी दुसऱ्यांनी हाकलून लावली तेव्हा तो पळाला होता. आता परत आला आहे. गुर्जी मोहल्ल्यात गाड्यांना रंग मारायचं दुकान टाकलंय त्यानं. दाढी काढली आहे, पोट सुटलं आहे. गेल्या आठवड्यात मी समोरच्या फुटपाथावर उभा राहून त्याला पाहिलं.

बासचं अंग घासून तयार आहे. आता तिला रंग हवा.

मिफ्ताह


त्रिपोली, १३ एप्रिल

शुक्री,

दक्षिणेकडून तोफा सुरू आहेत, ते तिकडच्या बातम्यांत बघत असशील. दिवसभर खिडक्या थरथरतात. आई म्हणते, वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग ओढतंय असं समजायचं.

झालं ते सांगतो. कुणाला तरी सांगायला हवं आणि इथं कुणाला सांगता येत नाही.

मी अंग चादरीत गुंडाळून बुरकानच्या दुकानात गेलो. शर्टाच्या आत पटाशी होती, मानेची खाच साफ करायला घेतलेली. त्यानं मला ओळखलं नाही. तीन वर्षं ज्याचा चेहरा मी रोज डोळ्यांसमोर आणला, त्याला माझा चेहरा माहीतच नव्हता.

"हे काय, फळी?" तो म्हणाला.

"बास गिटारचं अंग."

"अस्सं. रंग कुठला मारू? किआ गाडीचा हिरवा उरलाय, गडद. शोभेल." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "हाताला काय झालं रे?"

"दारात सापडला."

"च्च. आम्हा कारागिरांचं सगळं हातावर. चहा घे."

मी त्याचा चहा प्यायलो. वर शेंगदाणे टाकून दिला त्यानं. त्याच दिवशी मारायचं ठरवून गेलो होतो, पण दोन टॅक्सीवाले येऊन बसले आणि गप्पा मारू लागले. मग त्यानं अंग तारेला टांगलं आणि पहिला हात मारला. त्याचं काम चांगलं आहे. ते बघताना मला त्याचा जास्तच तिरस्कार वाटला. दोन दिवसांनी गेलो, दुसरा हात. तेव्हाही कुणीतरी होतं. परवा गेलो तेव्हा तोफांमुळे गल्ली ओस पडली होती. तो एकटाच. अंग तयार होतं, हिरवंगार, तोंड दिसेल असं चकचकीत. त्यानं बोटांच्या पेरांनी त्यावर टकटक केलं.

"गंमत बघ," तो म्हणाला. "एका वर्षी आम्ही असली पुष्कळ फोडली. आता रंगवतोय. माणसाचं काय सांगावं."

मी म्हटलं, "अय्याद."

"कोण अय्याद?"

"जन्झूरच्या रस्त्यावर. ढोलवाला. ठेका चुकतोय म्हणाला होता."

त्यानं बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाला, "त्या वर्षी फार लोक होते, भाऊ." अगदी खेदानं म्हणाला. गिऱ्हाइकाला माल संपला म्हणून सांगावं तसं.

मी पटाशी त्याच्या मांडीत घातली. मुठीपर्यंत गेली नाही, पण हाडाला लागली, ते मला हातात कळलं. तो बसला. ओरडलासुद्धा नाही नीट, हवेचा पंप चालू होता, त्या आवाजात सगळं बुडालं. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला. पत्रा ठोकायचा हातोडा बाजूलाच होता. त्याचा उजवा हात मी फरशीवर दाबला आणि हातोडा उचलला.

तेव्हा त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "तू शुक्रीचा भाऊ. थांब. थांब. ढोलवाला मी मारला, कबूल. तुझा हात मी नाही मोडला."

"खोटारड्या."

"मी मनगट धरलं होतं. पाना त्याच्या हातात होता. मी म्हटलं, एक तर तू तुझ्या भावाचा हात मोड, नाही तर मी दोघांना इथं झोपवतो, तुला आणि त्याला. तो विचारत होता, कुठला. मी म्हटलं, तूच ठरव. तो म्हणाला, डावा. म्हणाला, उजव्यानं तो जेवतो."

शुक्री, माझं मनगट धरणाऱ्याच्या बोटांत अंगठ्या होत्या. त्या माझ्या कातडीत रुतल्या होत्या, वळ महिनाभर राहिले. आणि परवा मी फरशीवर दाबलेला जो हात होता त्यात तीन अंगठ्या होत्या. म्हणजे तो खरं बोलत होता. मनगट त्यानंच धरलं होतं. पाना दुसऱ्याच्या हातात होता.

तरीही मी हातोडा खाली आणला. एकदा आणि मग परत. मनात म्हटलं, हा अय्यादचा. पण तो घाव तुझा होता. तू तिथं नव्हतास म्हणून त्याला बसला.

मग त्याच्या मांडीतून रक्त फार जायला लागलं. मी माझा पट्टा काढून वर आवळून बांधला. का बांधला, ते मला विचारू नकोस. शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, अंग चादरीत गुंडाळलं आणि चालत घरी आलो. चादरीला लागलेलं रक्त आईनं बघितलं. रंगाला एक ओरखडाही नव्हता.

मिफ्ताह


त्रिपोली, १७ एप्रिल

शुक्री,

घाईत लिहितो. आम्ही सीमा ओलांडून शेजारच्या देशात, जेर्ब्याला निघालो आहोत. का ते वाच.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. सरळ विचारलं, "पाना शुक्रीच्या हातात होता का?"

माझ्या ओकारीमुळे ती माझ्यासमोर कांदा चिरत नाही, मटार सोलत होती. सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "त्याच संध्याकाळी त्यानं मला सांगितलं. माझ्या पायांवर डोकं ठेवून ओकला तो. मीच त्याला म्हटलं, बोटीत बस आणि जा, तोंड दाखवू नकोस."

"आणि मला तीन वर्षं सांगितलं नाहीस."

"तू मनातल्या मनात रोज बुरकानला मारत होतास. मला ते चालत होतं. तो परका. तुला सांगितलं असतं तर तू माझ्या पोराला मारलं असतंस. मग माझ्याकडे काय उरलं असतं?"

"मी नव्हतो का तुझं पोर?"

"होतास," ती म्हणाली. "म्हणून रोज तुझ्या ताटात वाढत होते आणि तोंड शिवून बसले होते. ते सोपं होतं असं तुला वाटतं?"

मी मटारची परात भिंतीवर फेकली. ती उठली आणि एकेक दाणा वेचायला लागली. शेवटी मीही वेचायला बसलो.

बुरकान मेला नाही. पाय जातो का राहतो, सांगता येत नाही म्हणे. त्याचे पुतणे काल दुपारी जीप घेऊन आले. आईनं त्याआधीच मला शेजाऱ्यांच्या गच्चीवर पिटाळलं होतं. मी गच्चीच्या कठड्याआडून बघत होतो. ती दारात उभी राहिली, डोक्यावरची चादर दातांत धरून. एक जण म्हणाला, "म्हातारे, पोरं कुठं आहेत तुझी?"

ती म्हणाली, "दोघंही माल्ट्यात. मासे खातात आणि मला विसरतात. तू तुझ्या आईला विसरू नकोस."

त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या गालावर मारला. ती पडली. दुसऱ्यानं दुकानाच्या शटरवर गोळ्या झाडल्या, आतल्या फ्रिजांची चाळण झाली. जाताना ओरडले, "दोघांपैकी जो आधी दिसेल तो आमचा."

मी वरून बघत उभा होतो. उडी मारली नाही. जिन्यानं धावत गेलो नाही. पाय हलले असते तर ती मेली असती आणि मीही मेलो असतो, हे खरं आहे. पण मी तेव्हा हा हिशोब केला नव्हता. मी नुसता उभा होतो, शुक्री. ती जमिनीवर पडलेली आणि मी कठडा धरून उभा.

तिचे दोन दात गेले. गाल वांग्यासारखा सुजलाय. म्हणते, "नाहीतरी ते हलतच होते."

बास सुटी करून तिच्या कपड्यांत गुंडाळली आहे. मान एका चादरीत, अंग एका चादरीत. तू त्रिपोलीत पाऊल टाकू नकोस, इथं आता तुझ्या नावानंही गोळी आहे, आणि ती मी आणली आहे. जेर्ब्याला ये. पत्ता खैरी देईल. आईला तुला बघायचं आहे. मलाही तू समोर हवा आहेस. कशासाठी, ते मी लिहू शकत नाही, कारण मला ते ठाऊक नाही.

मिफ्ताह


जेर्बा, ९ जून

शुक्री,

तू आज पहाटे गेलास, आणि मी दुपारीच लिहायला बसलो आहे. काल आपण जेवढं बोललो ते एका चिठ्ठीवर मावेल. बाकीचं इथं.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. फाटकातून आत आलास तेव्हा मी वायरी जोडत होतो. कथलाचे डाग देऊन झाले होते, तारा चढवल्या होत्या, उसना स्पीकर लावला होता, पण बास नुसती गुणगुणत होती, माशी अडकल्यासारखी. तारांच्या घोडीखालून एक वायर जायला हवी होती ती मी विसरलो होतो, म्हणून घोडी परत उघडली होती. डाग द्यायची कांडी तापलेली माझ्या हातात होती. तू तिच्याकडे बघितलंस आणि मागं सरकला नाहीस. एवढं मी लक्षात ठेवलं आहे.

तू काही प्रस्तावना केली नाहीस ते बरं केलंस. टेबलावरचे स्क्रू बाजूला सारलेस, उजवा हात पालथा ठेवलास आणि म्हणालास, "घे, दादा. हातोडा कुठं आहे?"

आई खुर्चीवर होती. ती मध्ये पडेल असं वाटलं होतं मला. ती म्हणाली, "मी पाणी आणते," आणि आत गेली. तिनं आपल्याला मोकळं सोडलं.

मी तुझ्या हाताकडे खूप वेळ बघितलं. तुझी नखं अजून तू कुरतडतोस. हातोडा पिशवीत होता. मी कांडी खाली ठेवली आणि तुझ्या तोंडावर मारलं. डाव्या हातानंच मारलं, ठरवून नाही, तोच उठला. न वळणारी बोटं तुझ्या नाकावर बसली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, तुझ्यापेक्षा मलाच जास्त लागलं असेल. तू खाली पडलास. मी परत मारलं. मग तुझ्या छातीवर बसून मारत राहिलो, आणि तू हात वर उचललेच नाहीस. दोन्ही हात जमिनीवर पसरून पडून राहिलास. आता वाटतं, त्या गोणपाटाखाली मी जसा होतो तसंच तू स्वतःला करून घेतलंस, फक्त डोळे उघडे ठेवून.

तू रक्तातून म्हणालास, "मी हळू मारायचा प्रयत्न केला होता. तो म्हणाला, नीट मार, नाहीतर परत मार."

"म्हणून दुसरा घाव?"

"म्हणून दुसरा."

मी उठलो तो तेव्हा. तुझी दया आली म्हणून नाही. एवढ्या वर्षांत दुसऱ्या घावाबद्दल मी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. तो मला आठवत नाही, आणि तुला पहिल्यापेक्षा तोच जास्त आठवतो. तो मी तुझ्याकडे ठेवून बेशुद्ध झालो होतो.

आईनं पाणी आणलं, तुझं तोंड धुतलं, माझा हात धुतला, एकाच पातेल्यात. दोन दात नसलेल्या तोंडानं म्हणाली, "झालं असेल तर जेवा." आपण जेवलो. तू मान खाली घालून, मी खिडकीबाहेर बघत. जेवण झाल्यावर तू बासकडे बोट दाखवून म्हणालास, "ऐकव ना." मी म्हटलं, "तुला नाही." ते मी अजूनही मागं घेत नाही. तुझ्या तोंडासमोर बसून, तुझ्याकडे बघत मी ती वाजवू शकत नाही. कधी शकेन असं वचनही देत नाही.

अय्यादच्या वडिलांना तू आपल्या हातानं पत्र लिही. बुरकानचं नाव घालू नकोस, त्यांना ते माहीत आहे. अय्यादचे शेवटचे शब्द काय होते ते लिही. तू त्याच्या तोंडाजवळ वाकला होतास, गोणपाटाखालून मी तुझी पावलं ओळखली होती.

आता पहाटेचं. तू पिशवी घेऊन निघालास, आईनं तुला फाटकापर्यंत सोडलं आणि ती परत आली. मी उठून घोडीखालची वायर जोडली, स्क्रू आवळले, खुंट्या पिळून सूर लावला. गुणगुण थांबली होती. जुनं, आपण समुद्रकाठच्या लग्नांत शेवटी वाजवायचो ते घेतलं. उजवा हात अजून शिकाऊ आहे, पट्ट्यांमध्ये चुकतो, तार दाबायला वेळ लावतो. दीड बोटानं ठेका धरला. वाईट वाजलं. पण जमिनीतून पायात येतो ना तो आवाज, तो आला.

मधेच फाटकाखालच्या फटीतून मला तुझे बूट दिसले. तू गेला नव्हतास. फाटकाला टेकून उभा असशील. मी हाक मारली नाही. गाणं संपलं. बूट हलले नाहीत. तुझी बस सुटेल हे मला माहीत होतं आणि तुलाही. मग मी ते पहिल्यापासून परत वाजवलं, या वेळी जरा सावकाश, चुका कमी करत. ते तुला माफ केलं म्हणून नाही. तू उभा होतास म्हणून.

नाक डॉक्टरला दाखव, टाळू नकोस. वाकडं जुळलं तर सरळ करायला परत मोडावं लागतं.

मिफ्ताह